भयानक, वीर आणि बीभत्स

पडद्यावरील खेळांविषयी खेळाडूचे प्रामाणिक मत हीही एक समीक्षाच होय, असे आम्हांस वाटते. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने 'पबजी मोबाइल'वर बंदी घातली, तेव्हा आमच्या दाजीबानपेठेतही पुष्कळ पालकांस हायसे वाटले. परंतु ती बंदी देशाच्या सुरक्षिततेच्या कारणास्तव होती. रसाचा निवाडा तिने केला नाही. तो रसिकानेच करावयाचा असतो.

१९९३ च्या 'डूम'मध्ये नरकातील राक्षस अंगावर येतात खरे; परंतु हाती बंदूक असल्याने भय फार वेळ टिकत नाही. तेथे राज्य चालते ते उत्साहाचे, म्हणजे वीररसाच्या स्थायीभावाचे. उलट, १९९६ च्या 'रेसिडेंट इव्हिल'मध्ये गोळ्या मोजक्या. खेळाची नोंद जतन करण्यास लागणाऱ्या टंकयंत्राच्या फितीही मोजक्याच. प्रत्येक दारापाशी लढावे की पळावे, हा प्रश्न उभा राहतो. भय राक्षसाच्या रूपात नसून या उणिवेत आहे. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांचा वाचकही असाच निःशस्त्र असतो. जेथे नुसता रक्ताचा सडा पडतो, तेथे भयानक नव्हे, केवळ बीभत्स उरतो.

म्हणून 'गोळीबाराचे खेळ वाईट' एवढा शेरा मारून शिक्षकाने थांबू नये. 'भीती नेमकी कशाची वाटली?' असे विद्यार्थ्यास विचारावे. उत्तर शोधू लागलेला मुलगा खेळाच्या आहारी सहसा जात नाही. तो त्याचा परीक्षक होऊ लागतो.