पुस्तकांतून गळालेले गलाईवाले

मराठीत रसायनशास्त्रावर पुस्तके नाहीत, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या वाचनालयांची विज्ञानाची कपाटे गेली काही वर्षे उपसल्यावर मला ती तक्रार अर्धीच खरी वाटते. पुस्तके आहेत. त्यांचे ढोबळमानाने तीन गठ्ठे पडतात : रसायनाचा इतिहास आणि शास्त्रज्ञांची चरित्रे, पाठ्यपुस्तके व कोश, आणि ‘केमिकल’पासून सावध करणारी आरोग्य-शेतीची पुस्तके. तिन्ही गठ्ठे वाचून झाल्यावर एक प्रश्न उरतो. ज्या मुलखात ही कपाटे उभी आहेत, तिथली माणसे पिढ्यान् पिढ्या जे रसायन हाताने करत आली, ते यांतल्या कोणत्या पुस्तकात आहे?

आधी इतिहासाकडे पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात हरि केशवजींनी जेन मार्सेट यांच्या पुस्तकावरून रसायनशास्त्राचे संवाद मराठीत आणले. मूळ इंग्रजी पुस्तक १८०६ चे. एक बाई दोन मुलींना प्रश्नोत्तरांतून रसायन समजावते, अशी त्याची रचना आहे. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा मायकेल फॅरडे याच पुस्तकामुळे रसायनाकडे वळला. म्हणजे मराठीतल्या रसायनलेखनाची सुरुवातच शाळेबाहेरच्या वाचकासाठी लिहिलेल्या पुस्तकापासून झाली. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात विज्ञान शिकवणारे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी रसायनासह अनेक विज्ञानविषयांवर मराठीत पुस्तके लिहिली. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात बसून, परिभाषा जवळजवळ हाताने घडवत केलेले ते काम आहे. त्याची आठवण आज फार थोड्यांना आहे.

नंतरच्या लोकप्रिय पुस्तकांत इतिहासाचा एक ठरलेला साचा दिसतो. पहिल्या प्रकरणात नागार्जुन आणि पारा, दुसऱ्यात एकदम लाव्हाझिए, मग डाल्टन, मेंडेलीव्ह, मादाम क्यूरी. नागार्जुनाचा भाग बहुतेक वेळा प्रफुल्लचंद्र राय यांच्या ‘हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास’ या इंग्रजी ग्रंथावरून, प्रत्यक्ष किंवा तिसऱ्या हाताने, आलेला असतो. या ग्रंथाचा पहिला खंड १९०२ चा, दुसरा १९०९ चा. राय यांनी जुन्या रसग्रंथांचे वैभव दाखवले हे खरे. पण त्याच पहिल्या खंडात त्यांनी एक बोचरा प्रश्नही विचारला आहे : हे ज्ञान पुढे का खुंटले? त्यांचे उत्तर थोडक्यात असे, की जातिव्यवस्थेमुळे हाताने काम करणारे आणि डोक्याने विचार करणारे वेगळे पडले. कारागिराला ‘का’ विचारायची मुभा राहिली नाही आणि पंडिताने भट्टीला हात लावणे सोडले. मी वाचलेल्या मराठी पुस्तकांपैकी बहुतेकांनी राय यांच्याकडून नागार्जुन घेतला आणि हा प्रश्न मात्र तिथेच ठेवला. अभिमानाला उपयोगी तेवढे उचलले गेले.

हात आणि ग्रंथ एकत्र आले की काय दिसते, याचे उदाहरण त्याच परंपरेत आहे. ‘रसरत्नसमुच्चया’त जस्ताच्या खनिजापासून जस्त काढण्याची कृती आहे आणि त्यासाठी वांग्याच्या आकाराची मूस सांगितली आहे. राजस्थानातील झावर येथील जुन्या खाणींजवळ उत्खननात भट्ट्या सापडल्या, तेव्हा त्यांतल्या मातीच्या मुशी खरोखर वांग्याच्या आकाराच्या निघाल्या. नळी जोडलेले वांगे उलटे टांगायचे, वर जाळ, खाली थंड जागा. जस्ताची वाफ हवेला लागली तर जळून जाते, म्हणून ती खाली उतरवून थंड करायची. कृष्णाकाठची वांगी खाल्लेल्या आपल्या मुलांना हे चित्र काढून दाखवले, तर ऊर्ध्वपातनाची व्याख्या पाठ करून घ्यावी लागणार नाही.

आता आपल्याच दाराशी येऊ. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव आणि शेजारच्या साताऱ्यातील खटाव, माण हा दुष्काळी पट्टा. इथल्या हजारो कुटुंबांनी सोने-चांदी गाळण्याचा, म्हणजे गलाईचा, धंदा धरला. देशातल्या बहुतेक सराफ बाजारांच्या बोळांत विट्याकडचा मराठी बोलणारा गलाईवाला भेटतो. त्याची कृती अशी. जुन्या दागिन्याचे सोने नायट्रिक अम्लात थेट टाकले तर आतली भेसळ नीट विरघळत नाही, कारण सोन्याचे दाट जाळे तिला झाकून ठेवते. म्हणून आधी त्यात चांदी किंवा तांबे मिसळून सोन्याचा वाटा सुमारे चौथाईवर आणतात. मग अम्लात चांदी-तांबे विरघळते आणि सोन्याचा तपकिरी चुरा तळाशी राहतो. तो धुऊन सवागी घालून मुशीत वितळवला की लगड तयार. विरघळलेली चांदी तांब्याची पट्टी टाकून परत मिळवतात. तांबे द्रावणात जाते आणि चांदी बाहेर पडते.

शुद्ध करण्यासाठी आधी अशुद्ध करायचे, या युक्तीमागे मिश्रधातूंची रचना आहे. तांब्याच्या पट्टीमागे धातूंची क्रियाशीलता श्रेणी आहे, जी दहावीच्या पुस्तकात एका चौकटीत छापलेली असते. तरी मी चाळलेल्या एकाही मराठी पाठ्यपुस्तकात गलाईचे नाव मला सापडले नाही.

यात केवळ मानापमानाचा प्रश्न असता तर मी हा लेख लिहिला नसता. धातूवर नायट्रिक अम्ल पडले की तपकिरी वायू निघतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. परीक्षेत ‘तपकिरी रंगाचा वायू बाहेर पडतो’ एवढे लिहिले की गुण मिळतात. हा वायू हवेपेक्षा जड असतो, बंद खोलीत खाली साचतो. त्याचा घातक गुण असा, की श्वासात गेल्यावर सुरुवातीला थोडा खोकला येतो, माणूस सावरल्यासारखा वाटतो, आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू लागते. माझे मामा पंधरा-सोळाव्या वर्षी दक्षिणेतल्या एका शहरात गलाईच्या दुकानात गेले. तीस वर्षांनी गावी परतले ते दम घेऊनच. ‘धूर लागतो, गूळ खायचा,’ एवढेच त्यांना कुणीतरी शिकवले होते. नववी-दहावीची परीक्षा दिलेल्या मुलाला उत्तरपत्रिकेतला वायू आणि दुकानातला धूर एकच आहे हे कळले नाही, तर त्या पुस्तकाने नेमके काय शिकवले?

कोशांची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे मी आदरानेच बोलेन. मराठी विश्वकोश साताऱ्यातल्या वाईत घडला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली परिभाषासंग्रहाचा अठरावा खंड १९७३ मध्ये, पहिल्या खंडाच्याही आधी निघाला. पहिला खंड १९७६ चा. आधी शब्द ठरवायचे, मग ज्ञान मांडायचे, ही शिस्त त्यात आहे. डॉ. रघुवीरांनी ऑक्सिजनला ‘जारक’ आणि नायट्रोजनला ‘भूयाति’ म्हटले होते. वाईने तो हट्ट धरला नाही. ऑक्सिजन ऑक्सिजनच ठेवला आणि अम्ल, क्षपण यांसारखे शब्द रुळवले. रसायनावर मराठीत आज जे काही नीट लिहिता येते, त्यात या कामाचा वाटा मोठा आहे. मात्र परिभाषा संस्कृतकडून आणि इंग्रजीकडून आली, तशी ती सराफकट्ट्यावरून, गुऱ्हाळावरून, कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या काचभट्टीवरून फारशी आली नाही. ओगल्यांचा कारखाना १९१६ चा. त्याच्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात मराठी मुलांच्या पिढ्या शिकल्या. वाळू, सोडा आणि चुना यांची काच कशी होते, हे त्या पिढ्यांना कंदिलाच्याच उदाहरणाने सांगता आले असते.

चरित्रांत सर्वांत वाचले गेलेले पुस्तक वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ (१९८१). जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हा शेतीचा रसायनतज्ज्ञ होता. पुस्तक हृद्य आहे आणि त्याने अनेकांना उभे केले, याबद्दल मला शंका नाही. परंतु आपण ते शीलाचे पुस्तक म्हणून वाचले. भुईमुगाने जमिनीला नत्र कसे मिळते, हा प्रश्न पुस्तक मिटताना किती वाचकांच्या मनात राहतो? हा दोष लेखिकेपेक्षा आपल्या वाचनसवयीचा आहे. शास्त्रज्ञाकडून आपल्याला चारित्र्य हवे असते, कृती नको असते.

उरला तिसरा गठ्ठा. त्यात ‘केमिकल’ ही शिवी आहे. तासगावच्या बेदाण्याचे उदाहरण घ्या. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात. त्यामुळे मण्यावरच्या मेणाच्या थरातून पाणी लवकर निघते आणि माल वाळायचे दिवस वाचतात. यावर ‘पूर्वी असले काही नव्हते’ असे सहज लिहिले जाते. पण पहिल्या शतकातला रोमन लेखक कोलुमेला राखेच्या निवळीत तेल घालून द्राक्षे बुडवायला सांगतो. लाकडाच्या राखेतला मुख्य क्षार पोटॅशियम कार्बोनेटच. तेव्हा ‘नैसर्गिक की केमिकल’ हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. विचारायचे ते असे : कोणता पदार्थ, किती, किती दिवस आधी, आणि फवारणाऱ्याच्या नाकातोंडात किती गेला? सरसकट भीती घालणारी पुस्तके हे प्रश्न विचारत नाहीत. परिणामी ग्राहक घाबरतो आणि पंप पाठीवर घेतलेला मजूर मात्र उघड्या तोंडाने फवारत राहतो, कारण त्याच्यासाठी कुणी लिहिलेलेच नसते.

सांगलीच्या पेठेत हळदीचे ढीग लागतात. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. पाठ्यपुस्तकही हळदीला नैसर्गिक दर्शक म्हणते. लिंबूरस आणि सवागी लावून त्याच हळकुंडाचे कुंकू करण्याची जुनी रीत आहे. तो लाल रंग बोरॉनमुळे येतो, हे मात्र मुलाला कुणी सांगत नाही. गलाईवाल्याच्या मुशीतली सवागी आणि आईच्या कपाळावरच्या कुंकवातली सवागी एकच.

मला हवे असलेले पुस्तक इथून सुरू होईल. हळद, गूळ, काच, बेदाणा, सोने अशी त्याची प्रकरणे असतील आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्या कामातला धोका व त्यावरचा उपाय साध्या मराठीत दिलेला असेल. ते एकट्या प्राध्यापकाला लिहिता येणार नाही, एकट्या गलाईवाल्यालाही नाही. विट्यात दिवाळीला धंद्यावरची माणसे गावी आलेली असतात. महाविद्यालयांतील रसायनाच्या शिक्षकांनी याच दिवसांत त्यांच्याकडे जाऊन, वही उघडून, पहिला प्रश्न विचारायला हरकत नाही : धूर कुठून बाहेर काढता?