दिल्ली दरवाज्याचा कर्ता कोण ?

शिरूरचा किंवा दौंडचा गृहस्थ मुलाबाळांसह पुण्यास आला म्हणजे शनिवारवाडा पाहिल्यावांचून बहुधा परतत नाहीं. आणि शनिवारवाडा पाहणें म्हणजे मुख्यतः दिल्ली दरवाजा पाहणें होय. आंतील वाडा १८२८ सालच्या आगींत जळून गेला. जोतीं, हौद आणि भोंवतालचा कोट एवढेंच आज उरलें आहे. परंतु या दरवाज्याविषयीं जें लिहिलें जातें त्यांत त्यांतून कोण गेलें याचें वर्णन फार, आणि तो कसा घडला याचा विचार थोडा. ही उणीव आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं.

प्रथम वास्तूकडेच पाहूं. दोन बाजूंस भक्कम बुरूज, मध्यें उंच कमान, वर नगारखाना. अंबारीसह हत्ती आंत जावा इतकें दार उंच. त्याच्या फळ्यांवर ओळीनें अणकुचीदार लोखंडी खिळे ठोकलेले. हत्तीनें कपाळानें धडक देऊन दार फोडूं नये हा त्यांचा हेतु. रोजच्या ये-जा करणाऱ्यासाठीं फळींत लहान दिंडी. आंत शिरल्यावर वाट सरळ चौकांत न जातां वळणें घेते, म्हणजे दार फुटलें तरी शत्रूस एकदम मुसंडी मारतां येऊं नये. आमच्या मतें या दरवाज्याचें सौंदर्य या गरजांतूनच आलें आहे. शोभेचा हव्यास दगडी घडणींत कोठेंही दिसत नाहीं. दोषही सांगितला पाहिजे. कोटाचें खालचें अंग दगडी व वरचें विटांचें असून तीं दोन्हीं एकजीव झालेलीं वाटत नाहींत. उत्तरेकडे तोंड केलेला दरवाजा व दगडी कोट यांस शाहू महाराजांनीं हरकत घेतली, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे. परंतु तिनें दरवाज्याची दिशा कळते, घडण कळत नाहीं.

आतां कर्त्याविषयीं. थोरल्या बाजीरावांनीं १० जानेवारी १७३० रोजीं वाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजीं वास्तुशांत केली. दोन्ही दिवस शनिवार. खर्च १६,११० रुपये झाल्याचें सांगतात. बांधणाऱ्यांत शिवराम कृष्ण, देवाजी सुतार, कोंडाजी सुतार, मोराजी पाथरवट हीं नांवें येतात. म्हणून कोणी या चौघांसच दिल्ली दरवाज्याचे शिल्पकार म्हणूं लागेल, तर तें घाईचें होईल. १७३२ सालीं पुरा झाला तो मूळ वाडा. कोट व बुरूज नानासाहेबांच्या काळापर्यंत वाढत गेले. अशा कामास एकच शिल्पकार शोधणें ही आमची आजची संवय आहे. ज्याच्या हातीं किकरें तो सुतार आणि ज्याच्या हातीं छिन्नी तो पाथरवट. यांच्या एकत्र श्रमानें, पिढी दोन पिढ्यांत, ही वास्तु उभी राहिली.

मग लोकांनीं स्मरण कोणाचें ठेवलें ? दरवाज्यांचीं नांवेंच पाहा. उत्तरेकडील एक दिल्लीच्या नांवाचा, दुसरा मस्तानीच्या. ही मस्तानी शिरूर तालुक्यांतील पाबळ येथें विसांवली आहे. तिची कबर तेथें आहे. नारायण दरवाज्याचें नांव १७७३ सालीं खून झालेल्या नारायणरावांची आठवण देतें. मोराजीचा किंवा देवाजीचा दरवाजा एकही नाहीं. याउलट रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकराचें नांव कोरलेलें आहे, आणि म्हणूनच आज मुलांसही तें ठाऊक आहे. आमचे पूर्वज कारागिराचा मान जाणत नव्हते, हा आक्षेप त्या एका पायरीपुढें टिकत नाहीं. फरक एवढाच कीं, एक नांव दगडांत कोरलें गेलें आणि बाकीचीं कागदांत राहिलीं.

सुताराची स्थिति तर याहून कठीण. दगडाचें काम आगींतून वांचलें; लांकडाचें बहुतेक भस्म झालें. मोराजीच्या धंद्याची साक्ष डोळ्यांसमोर आहे, देवाजी-कोंडाजींच्या कामाची बहुतेक गेली. जें शिल्लक राहिलें त्यावरूनच कर्त्याची योग्यता ठरविणाऱ्या टीकाकारानें हें विसरूं नये.

हा प्रश्न केवळ पुण्याचा नाहीं. शिरूर आणि दौंडकडील गांवांतही जुने वाडे आहेत, त्यांच्या चौकटी आहेत, आणि त्या उतरवून विकण्याची वेळ अनेक घरांवर येते. ती टाळणें प्रत्येकास शक्य नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु चौकट उतरविण्यापूर्वीं घरांतील वडील माणसास ती कोणत्या सुतारानें, कोणत्या गांवच्या पाथरवटानें केली हें विचारून वहींत लिहून ठेवणें कोणासही शक्य आहे. मोराजीचें नांव आपणांपर्यंत आलें, तें कोणीतरी लिहून ठेविलें म्हणून.