मुक्त नगर, मूक नागरिक : ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’ या खेळाचे भाषिक परीक्षण

ज्या कृतीत कथा, पात्रे आणि भाषण आहे, तिला साहित्याचे निकष अंशतः तरी लावता येतात. या दृष्टीने ‘इन्सोम्नियाक गेम्स’ या अमेरिकन संस्थेने निर्माण केलेल्या आणि सप्टेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’ या व्हिडिओ गेमचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे. हा खेळ ‘ओपन वर्ल्ड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात मोडतो. त्यासाठी ‘मुक्तविश्व’ हा शब्द येथे योजिला आहे. अशा खेळात कथानकाचे टप्पे ठरलेले असतात. परंतु दोन टप्प्यांच्या दरम्यान कोठे जावे व काय करावे, हे खेळाडूच्या इच्छेवर अवलंबून असते. येथील विश्व म्हणजे न्यूयॉर्कचे मॅनहॅटन बेट होय.

प्रत्येक खेळाला स्वतःचे एक व्याकरण असते. नायकाला कोणती क्रियापदे दिली आहेत आणि कोणती नाकारली आहेत, हे पाहिले असता त्या व्याकरणाचा उलगडा होतो. येथे नायक जाळ्याच्या धाग्याने झोके घेत नगरात फिरतो. हा धागा अधांतरी चिकटत नाही. त्याला इमारतीचा किंवा झाडाचा आधार लागतो. त्यामुळे उंच इमारतींच्या वस्तीत नायकाची गती वाढते, तर सेंट्रल पार्कच्या मोकळ्या भागात ती खुंटते. नगराची रचना खेळाडूला नकाशावरून नव्हे, तर गतीतून कळते, हे या कृतीचे मोठे यश आहे. उलटपक्षी, ‘ठार मारणे’ हे क्रियापद नायकाजवळ नाही. गच्चीवरून ढकललेला गुंडदेखील खाली न आपटता जाळ्याने भिंतीला चिकटून राहतो. नायकाचे शील येथे उपदेशाने सांगितलेले नसून व्याकरणातच गोवलेले आहे.

भाषणाच्या बाबतीतही निर्मात्यांनी विलक्षण दक्षता घेतली आहे. पीटर पार्करला आवाज देणाऱ्या युरी लोवेन्थाल यांच्याकडून अनेक वाक्ये दोन प्रकारे ध्वनिमुद्रित करून घेण्यात आली : एकदा स्वस्थ स्थितीतील, एकदा श्रमाने धाप लागलेल्या स्थितीतील. नायक झोके घेत दूरध्वनीवर बोलत असेल तर दुसरा पाठ ऐकू येतो. तो थांबला की पहिला. शब्द तेच, पण श्वास निराळा. उच्चार हा शरीराचा व्यापार आहे, हे ध्वनिविचाराचे प्राथमिक तत्त्व लोकप्रिय करमणुकीत इतक्या काटेकोरपणे पाळलेले क्वचितच आढळते.

परंतु हे सर्व कौशल्य नायकाच्याच वाट्यास आले आहे. रस्त्यावरील नागरिकांना नायक हात हलवून अभिवादन करू शकतो, त्यांच्या हातावर टाळी देऊ शकतो; याहून अधिक काही नाही. केवळ संबंध राखण्यापुरत्या होणाऱ्या बोलण्याकडे मालिनोव्स्कीने १९२३ साली अभ्यासकांचे लक्ष वेधले होते. या नगरातील बहुतेक व्यवहार त्याच पातळीवर थांबतो. नागरिक स्तुती करतात, क्वचित नावे ठेवतात, पण संकट सरल्यावर त्यांना सांगण्यासारखे काही उरत नाही. गुन्हे विभागवार मोजले जातात आणि ठराविक संख्या भरली की तो विभाग ‘पुरा’ होतो. येथे दुःखाची नोंद होते, विचारपूस होत नाही. मुक्तविश्वाची मुक्तता अशी एकट्या नायकापुरती राहते.

हा दोष या प्रकाराला अटळ आहे काय? नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच संस्थेने प्रसिद्ध केलेला ‘स्पायडर-मॅन : माइल्स मोरालेस’ हा खेळ पाहता तसे म्हणवत नाही. त्याचा नायक हार्लेममध्ये राहतो. त्याची आई पोर्तो रिकन वंशाची आहे आणि घरच्या बोलण्यात इंग्रजीबरोबर स्पॅनिश सहजपणे येते. हेली कूपर या कर्णबधिर चित्रकर्तीशी तो खुणांच्या भाषेत बोलतो. समोरच्या माणसाची भाषा नायकाला यावी लागते, ही गोष्ट साधी दिसली तरी महत्त्वाची आहे. जेथे ती घडते तेथे नगर हे देखाव्याचे स्थळ न राहता शेजार बनते.

मूळ खेळाच्या शेवटी मात्र याच जातीचा एक प्रसंग आहे. रोगावरील औषध अत्यल्प असते. ते आपल्या मे काकूला द्यावे की सर्वांसाठी राखावे, असा पेच पीटरपुढे पडतो. तो काकूला गमावतो. हा निर्णय खेळाडूच्या हाती दिलेला नाही, याबद्दल तक्रार करता येईल. मला ती योग्य वाटत नाही. मरणासन्न काकू आपल्याला त्याचे गुपित ठाऊक असल्याचे सांगते आणि नायकाला प्रथमच निमूटपणे ऐकावे लागते. ज्या बहुसंख्य, अनाम नागरिकांसाठी हा त्याग घडतो, त्यांना मात्र खेळाने तोवर बोलू दिलेले नसते. म्हणून त्यागाचा एक पक्ष ठसठशीत आणि दुसरा पुसट राहतो. पुढील मुक्तविश्वकारांनी नगराचा विस्तार करण्याआधी हा दुसरा पक्ष भरून काढावा, अशी अपेक्षा आहे.