अपेक्षाभंग आणि निर्मितीमूल्ये

'चित्रपट जमला नाही; पण दिसतो देखणा.' ना. धों. महानोरांच्या दीर्घकवितेवर आधारलेल्या 'अजिंठा'विषयी (२०१२) माजिवड्यातील माझ्या परिचित प्रेक्षकांचा हा अभिप्राय. दिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई हे मूळचे कलादिग्दर्शक. 'देवदास'च्या (२००२) भव्य नेपथ्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेले. तेव्हा देखणेपणाविषयी दुमत नाही.

प्रश्न त्या 'पण'चा आहे. त्याने निर्णय बदलत नाही. निराशेची धार तेवढी बोथट होते. हिंदीच्या तुलनेत दरिद्री दिसण्याचे शल्य बाळगणारा मराठी प्रेक्षक देखणेपणाकडे कलागुण म्हणून नव्हे, तर प्रतिष्ठा म्हणून पाहतो. परिणामी कलाकृतीचे मूल्यमापन मागे पडते आणि अस्मितेचे समाधान पुढे येते.

वस्तुतः येथे देखणेपण हेच अपेक्षाभंगाचे एक कारण आहे. कविता शब्दांतून रंग सुचवते. पाहण्याचे काम वाचकावर सोपवते. चित्रपट मात्र प्रत्येक चौकट रंगांनी भरून टाकतो, आणि रॉबर्ट गिल व पारो यांचे नाते त्या सजावटीत चित्रासारखे गोठून राहते. याउलट 'श्वास'मध्ये (२००४) साधनांची मर्यादा आजोबा-नातवाच्या व्यथेआड येत नाही.

निर्मितीमूल्ये हा आशयावर बाहेरून चढवलेला अलंकार नव्हे. चित्रपटाचा आशय त्यांतूनच घडतो किंवा बिघडतो. म्हणून 'कथा फसली, छायाचित्रण उत्तम' अशी गुणपत्रिका समीक्षेने तरी भरू नये. देखणेपणाने काय दाखवले याबरोबरच काय झाकले, हेही तिने विचारले पाहिजे.