प्राथमिक प्रोग्रॅमिंगच्या अध्यापनातील ‘डेटा टाइप’ : एक परीक्षण

प्रोग्रॅमिंगच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकांत ‘डेटा टाइप’ म्हणजे माहितीचे प्रकार या प्रकरणाची मांडणी बहुधा एकाच साच्याची असते. पूर्णांक, दशांश संख्या, अक्षर, स्ट्रिंग म्हणजे चिन्हमाला व सत्यासत्य अशी नामावली द्यावयाची. प्रत्येकापुढे त्यास लागणारी जागा बाइटांत लिहावयाची. आणि ‘व्हेरिएबल म्हणजे डबा, प्रकार म्हणजे डब्याचे आकारमान’ हा दृष्टान्त जोडावयाचा. दृष्टान्त सुबोध आहे. परंतु तो विद्यार्थ्यास मूळ प्रश्नापासून दूर नेतो.

ही आकारमाने मुळात सार्वत्रिक नाहीत. सी भाषेच्या प्रमाणकाने ‘इंट’ या पूर्णांक-प्रकारास किमान १६ बिट एवढीच अट घातली आहे. प्रत्यक्ष आकार यंत्र व कंपायलर यांवर अवलंबून असतो. पायथन भाषेत तर पूर्णांकास ठरावीक आकारमानच नाही. तेव्हा विद्यार्थी जे पाठ करतो ते एखाद्या यंत्राचे वर्णन होय, प्रकाराचे लक्षण नव्हे.

व्याकरणात शब्दाची जात त्याच्या लांबीवरून ठरत नाही. तो वाक्यात कोणते कार्य करतो व कोणते विकार स्वीकारतो, यावरून ठरते. प्रकाराचेही तसेच आहे. पायथनमध्ये २ व ३ या पूर्णांकांत अधिकचिन्ह घातले तर ५ मिळतात. तेच अंक अवतरणचिन्हांत घातले तर ‘२३’ मिळते. एक पूर्णांक व एक स्ट्रिंग यांची बेरीज पायथन नाकारते. जावास्क्रिप्ट मात्र पूर्णांकाचे मुकाट्याने रूपांतर करून जोडणी करते. पुण्याचा दूरध्वनी-संकेतांक ०२० संख्या म्हणून साठविला तर आरंभीचे शून्य लोपते. तो अंकांनी लिहिला जातो, तथापि त्याची बेरीज-वजाबाकी कोणी करीत नाही. म्हणून तो स्ट्रिंगच होय.

मराठी विद्यार्थ्यापुढे आणखी एक अडचण उभी राहते, ती ‘कॅरॅक्टर’ या संज्ञेस ‘अक्षर’ हा प्रतिशब्द योजल्याने. ‘क्षि’ हे मराठी वाचकास एकच अक्षर. युनिकोडमध्ये मात्र क, हलन्तचिन्ह, ष व वेलांटी अशी त्याची ४ चिन्हे होतात. पायथन त्याची लांबी ४ सांगते आणि यूटीएफ-८ पद्धतीत त्यास १२ बाइट लागतात. सी भाषेतील एका बाइटाच्या ‘अक्षरा’त तर नुसता ‘क’ही मावत नाही. ‘किरण’ हे नाव चिन्हाचिन्हाने उलटविल्यास ‘णरकि’ न मिळता ‘णरिक’ मिळते. वेलांटी क सोडून र ला लागते. अशा वेळी विद्यार्थी आपल्या बुद्धीस दोष देतो. वस्तुतः दोष संज्ञेचा असतो. येथे ‘संकेतचिन्ह’ असा निराळा शब्द योजणे अधिक प्रामाणिक ठरेल.

जागेचा विचार त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. ०.१ व ०.२ यांची बेरीज संगणकावर नेमकी ०.३ का येत नाही, हे मर्यादित द्विमान अंकांचा उल्लेख केल्यावाचून सांगता येत नाही. प्रश्न क्रमाचा आहे. मूल्यावर कोणत्या क्रिया करता येतात हे आधी, आणि ते किती जागा व्यापते हे नंतर, असा क्रम पाठ्यपुस्तकांनी स्वीकारणे इष्ट होय.