‘हेमाडपंती’ : एका संज्ञेची चिकित्सा

महाराष्ट्रातील दगडी बांधकामाच्या चर्चेत ‘हेमाडपंती’ या शब्दाइतका रुळलेला आणि तितकाच संदिग्ध शब्द दुसरा क्वचितच आढळेल. काळ्या दगडाची, चुन्यावाचून रचलेली जुनी भिंत दिसली की ती हेमाडपंती ठरते. ही संज्ञा काळ सांगते, कर्ता सांगते की रचनापद्धती सांगते, याचा उलगडा मात्र सहसा केला जात नाही.

प्रथम काळाचा विचार करू. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री; म्हणजे त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध होय. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलाहारकालीन शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात सिंघण यादवाचा शके ११३६ चा लेख आहे. या दोन्ही वास्तूंना सर्रास हेमाडपंती म्हटले जाते. परंतु पहिली हेमाद्रीपूर्वी सुमारे दोन शतके उभी होती आणि दुसरीही त्याच्या मंत्रिपदाआधीची आहे. तेव्हा कालवाचक म्हणून ही संज्ञा टिकत नाही.

कर्तृवाचक म्हणूनही ती दुर्बळच ठरते. हेमाद्रीची कीर्ती ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या धर्मशास्त्रीय ग्रंथावर उभी आहे. लोकपरंपरेने मोडी लिपी आणि बाजरीचे पीकही त्याच्याच नावावर जमा केले. प्रसिद्ध नावाभोवती अनेकांचे कर्तृत्व गोळा होणे हा लोकस्मृतीचा स्वभावच आहे. तिला पुराव्याचे स्थान देता येत नाही.

राहिला रचनेचा अर्थ. येथे ‘चुना नसणे’ हे लक्षण पुढे केले जाते. पण ते अभावात्मक आहे. कोकणातला गडगाही चुन्यावाचूनच रचतात. त्याला कोणी हेमाडपंती म्हणत नाही. मंदिराच्या भिंतीचे वैशिष्ट्य घडाईत आहे. दगडाची वरची व खालची बाजू टाकीने इतकी सपाट करावयाची, की वरच्या थराचा भार खालच्या थरावर सारखा पसरावा. उभे सांधे एकावर एक येऊ द्यावयाचे नाहीत. आणि गरज पडेल तेथे खाचा पाडून दगड एकमेकांत अडकवावयाचे. भिंतीला स्थैर्य येते ते भाराने आणि घर्षणाने. ‘गडगा’, ‘चिरेबंदी’ हे शब्द निदान कामाकडे बोट दाखवितात. ‘हेमाडपंती’ हा शब्द पाथरवटाला झाकून मंत्र्याला पुढे करतो.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. नावावरून काळ ठरविला, की शिलालेख नसलेली भिंत परीक्षेवाचून तेराव्या शतकात जाऊन बसते. शिवाय चुन्याचा अभाव ही उणीव समजून कोरडे सांधे सिमेंटने भरले, तर पाण्याला बाहेर पडण्याची वाट राहत नाही आणि डागडुजीच भिंतीला बाधते.

रूढ शब्द बोलण्यातून घालविता येत नाही, घालविण्याचे कारणही नाही. शास्त्रीय लेखनात मात्र पद्धतीसाठी ‘कोरड्या सांध्याचे घडीव बांधकाम’ असे म्हणावे, काळ शिलालेख व शिल्पलक्षणे यांवरून ठरवावा आणि हेमाद्रीचे नाव स्वतंत्र पुरावा असेल तेथेच घ्यावे.