स्वामी
रणजित देसाई (१९२८–९२) यांची थोरल्या माधवराव पेशव्यांच्या जीवनावरील ऐतिहासिक कादंबरी (१९६२). तीस साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला (१९६४). राक्षसभुवन (जि. बीड) येथे गोदाकाठी १० ऑगस्ट १७६३ रोजी अठरा वर्षांच्या माधवरावांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. साहसकथेस एवढे कथानक पुरेसे आहे, ह. ना. आपटे यांच्या उषःकालमध्ये भुयारे व वेषांतरेच वाचकाला पुढे ओढतात. स्वामीची पकड मात्र रणांगणापेक्षा घरात अधिक जाणवते : राघोबादादांशी वाढत गेलेला दुरावा, रमाबाईंचा अल्प सहवास व क्षयाने पोखरलेले शरीर. थेऊर येथील अखेर (१७७२) आधीच ठाऊक असूनही उत्कंठा टिकते, ती यामुळेच. संवाद क्वचित अलंकारिक होतात, ते सोसता येते. रमाबाईंच्या सहगमनाभोवतीचे उदात्त वलय मात्र खटकते.